‘पिक अप’चा अर्थ लावताना आधी कर्म शोधा

मोंढ्यात सोयाबीन घेऊन जाणारी पिकअप, चढाला मोटारसायकलचा कमी पडणारा पिकअप, कुरिअरवाल्याचा चार वाजताचा पिकअप. इंग्रजी न शिकलेला माणूसही मराठवाड्यात हा शब्द रोज वापरतो. पण तोच शब्द इंग्रजी वाक्यात क्रियापद होऊन आला की पदवी घेतलेली मुलंमुलीही थबकतात. कारण पाठ केलेला अर्थ असतो ‘उचलणे’, आणि समोरच्या वाक्यात उचलण्यासारखं काहीच दिसत नाही.

मी वाळूजच्या एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. दिवसभर इंग्रजी मेल वाचायच्या, उत्तरं लिहायची, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या मागे लागायचं, हे माझं काम. शाळा केज तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. त्याआधीच्या आमच्या वर्गांना एबीसीडी पाचवीत भेटली. आता विभागात नव्यानं लागणाऱ्या मुलांना मी कामातलं इंग्रजी शिकवते आणि त्यांची गाडी बहुतेक वेळा फ्रेजल व्हर्बपाशीच, म्हणजे ‘पिक अप’सारख्या जोडक्रियापदांपाशीच अडते. म्हणून नोकरीत नवीन असलेल्यांसाठी आणि मुलाखतीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी एकच क्रियापद घेऊन सविस्तर लिहिते आहे. हे एक नीट कळलं की बाकीच्यांकडे कसं बघायचं तेही कळतं.

लागणारं साहित्य

- एक साधी वही. मोबाइलमधल्या नोट्स चालतील, पण हातानं लिहिलेलं वाक्य जास्त टिकतं असा माझा अनुभव आहे.
- लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांचेही इंटरनेटवर फुकट पाहता येतात.
- तुमच्या रोजच्या वापरातला इंग्रजी मजकूर: ऑफिसच्या मेल, बाजारभावाच्या आणि हवामानाच्या बातम्या, कुरिअरचे मेसेज.

‘पाचशे फ्रेजल व्हर्ब अर्थासह’ अशा पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरत असतात. त्या घेऊ नका. त्यात प्रत्येक क्रियापदापुढे एक अर्थ दिलेला असतो, आणि ‘पिक अप’सारख्या क्रियापदाचा एकच अर्थ पाठ केला तर पुढची चार वाक्यं हमखास चुकतात.

१. ‘अप’ खरंच आहे का, ते पाहा

नुसतं ‘पिक’ म्हणजे निवडणं, तोडणं, वेचणं. ‘अप’ जोडलं की ते उचलण्याकडे झुकतं. आपल्याकडच्या माणसाला हा फरक कापसावरून चटकन कळतो. बायका शेतात कापूस वेचतात, ते ‘पिक’. वेचलेल्या कापसाच्या गाठोड्या संध्याकाळी गाडी येऊन घेऊन जाते, ते ‘पिक अप’. द विमेन पिक द कॉटन, अँड द ट्रक पिक्स इट अप.

इथला नेहमीचा सापळा फोनचा. ‘ही इज नॉट पिकिंग माय कॉल’ हे वाक्य आपल्याकडे सगळीकडे ऐकू येतं. प्रमाण इंग्रजीत त्याला ‘अप’ लागतं: ‘ही इज नॉट पिकिंग अप’. मुलाखतीत आणि परदेशी ग्राहकाशी बोलताना ‘अप’ विसरू नका. ‘लिफ्टिंग द फोन’सुद्धा टाळा. ते सरळ आपल्या ‘फोन उचलणे’वरून आलेलं आहे आणि बाहेरच्या माणसाला खटकतं.

२. कर्म शोधा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे. व्याकरणाच्या तासाला सकर्मक-अकर्मक शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो, ते इथे कामाला येतं.

वाक्यात ‘पिक अप’ दिसलं की अर्थाच्या मागे लागू नका. आधी विचारा: काय पिक अप केलं? कुणाला पिक अप केलं? उत्तर वाक्यातच सापडलं तर कर्म आहे. नाही सापडलं तर कर्म नाही. या एका प्रश्नानं निम्मे अर्थ बाजूला होतात.

तब्येतीचं उदाहरण घ्या. ‘ही पिक्ड अप ॲन इन्फेक्शन इन द हॉस्पिटल.’ काय पिक अप केलं? इन्फेक्शन. कर्म आहे, म्हणून अर्थ झाला: दवाखान्यात त्याला संसर्ग झाला. आता दुसरं वाक्य: ‘हिज हेल्थ इज पिकिंग अप.’ काय पिक अप करते आहे? काहीच नाही. कर्म नाही, म्हणून अर्थ: त्याची तब्येत सुधारते आहे. क्रियापद तेच, माणूस तोच, पण एका वाक्यानं घरच्यांना काळजी लागेल आणि दुसऱ्यानं हायसं वाटेल.

३. कर्म असेल तर ‘उचलणे’ लावून पाहा

मराठीतलं ‘उचलणे’ दिसतं त्यापेक्षा खूप मोठं आहे आणि ‘पिक अप’च्या बऱ्याच अर्थांना ते पुरून उरतं. वेगवेगळे अर्थ पाठ करण्याआधी आपल्याकडे काय आहे ते पाहा.

- वस्तू: शी पिक्ड अप द बॅग. तिनं पिशवी उचलली.
- माल: द ट्रान्सपोर्टर विल पिक अप द मटेरियल. ट्रान्सपोर्टवाला माल उचलेल.
- पोलीस: द पोलीस पिक्ड हिम अप. पोलिसांनी त्याला उचललं.
- भाषा, सवय, लकब: द चाइल्ड पिक्ड अप तेलुगू फ्रॉम द नेबर्स. शेजाऱ्यांकडून पोरानं तेलुगू उचलली. नांदेड-देगलूरकडच्यांना हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही.
- खर्च: द कंपनी विल पिक अप द कॉस्ट. खर्च कंपनी उचलेल.

बघा, पाचही ठिकाणी मराठी वाक्य ओढूनताणून केलेलं वाटत नाही. आपण असंच बोलतो.

‘उचलणे’ अपुरं पडतं अशा जागाही आहेत. माणूस कर्म असेल आणि प्रसंग प्रवासाचा असेल, तर मराठीत आपण ‘घ्यायला येणे’ म्हणतो: ‘आय विल पिक यू अप ॲट द बस स्टँड’, म्हणजे मी तुम्हाला स्टँडवर घ्यायला येतो. बाजारहाटाचं वाक्य असेल तर ‘घेऊन येणे’: ‘पिक अप सम मिल्क ऑन द वे’, येताना दूध घेऊन ये. इथे विकत घेणं गृहीत आहे. रेडिओ, रडार, मायक्रोफोन यांच्याबाबतीत ‘पकडणे’ किंवा ‘टिपणे’: ‘द माइक पिक्ड अप एव्हरी साउंड’, माइकनं प्रत्येक आवाज टिपला. आणि रोगाच्या बाबतीत ‘लागण होणे’, ते वर आलंच.

डिस्पॅचमध्ये काम करणार असाल तर एक वाक्य लक्षात ठेवा: ‘द कस्टमर विल पिक अप द फ्रेट.’ फ्रेट म्हणजे भाडं आणि फ्रेट म्हणजे मालही. त्यामुळे भाडं ग्राहक भरणार की माल तो स्वतः गाडी पाठवून नेणार, हे या वाक्यावरून पक्कं ठरत नाही. अंदाज बांधू नका. उलट मेल करून विचारा: ‘डू यू मीन द फ्रेट चार्जेस, ऑर द मटेरियल इटसेल्फ?’ असं विचारण्यात कमीपणा नाही. जुनी माणसंसुद्धा विचारतात, कारण चुकीचा अर्थ धरला तर भाड्याचं बिल कुणाच्या नावावर काढायचं इथपासून भांडण सुरू होतं.

४. कर्म नसेल तर ‘जोर धरणे’, ‘वाढणे’, ‘सुधारणे’

हवामानाच्या इंग्रजी बातम्यांत जून-जुलैमध्ये अशा धाटणीचं वाक्य येतं: ‘रेन्स आर लाइकली टू पिक अप ओव्हर मराठवाडा.’ पेरणी करून आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या माणसासाठी हे वाक्य नीट वाचणं गरजेचं आहे. याचा अर्थ पाऊस निघून जाणार, उचलला जाणार असा नाही. पाऊस जोर धरण्याची शक्यता आहे, असा आहे. ‘द विंड पिक्ड अप’ म्हणजे वाऱ्यानं जोर धरला. ‘सेल्स पिक्ड अप बिफोर दिवाळी’ म्हणजे दिवाळीआधी विक्री वाढली. ‘द बस पिक्ड अप स्पीड’मध्ये स्पीड हे कर्म आलं असलं तरी अर्थ याच घरातला: गाडीनं वेग घेतला. मोटारसायकलचा ‘पिकअप’ इथूनच आलेला आहे.

आपल्याकडे ‘उचल खाणे’ आहे, ते या अर्थाच्या अगदी जवळ बसतं. ‘तुरीच्या भावानं उचल खाल्ली’ हे ‘तूर प्रायसेस पिक्ड अप’ असं सहज होतं. पण दुखण्याच्या बाबतीत सांभाळा. ‘दुखण्यानं उचल खाल्ली’ म्हणजे आजार पुन्हा बळावला, आणि ‘हेल्थ पिक्ड अप’ म्हणजे तब्येत सुधारली. दोन्ही अगदी उलट.

कर्म नसलेली, तरीही या नियमात न बसणारी दोन वाक्यं पाठच करून टाका. पहिलं फोनचं: ‘आय कॉल्ड ट्वाइस, बट ही डिडन्ट पिक अप.’ इथे फोन हे कर्म गाळलेलं आहे, ते समजून घ्यायचं. दुसरं मीटिंगमधलं: ‘लेट अस पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ.’ म्हणजे मागच्या वेळी जिथं थांबलो होतो तिथून पुढे सुरू करू. हे वाक्य ऑनलाइन मीटिंगच्या सुरुवातीला इतक्यांदा येतं की ते ऐकताक्षणी कळायला हवं.

५. मध्ये ‘बीन’ आहे की नाही, ते बोट ठेवून पाहा

आमच्या विभागात घडलेली गोष्ट सांगते. बाहेरच्या एका ग्राहकाची मेल आली: ‘ऑर्डर्स हॅव पिक्ड अप सिन्स दसरा. प्लीज प्लॅन द ट्रक्स अकॉर्डिंगली.’ नवीन लागलेल्या मुलानं ती वाचली, रजिस्टरला शेरा मारला आणि दुसऱ्या दिवशीची गाडी रद्द करायला फोन उचलला. मी विचारलं, गाडी का रद्द करतोस?

‘ताई, त्यांनी माल उचललाय म्हणे. मग गाडी कशाला लावायची?’

‘कुणी उचलला? वाक्यात कोण आहे बघ.’

तो मेलकडे बघत राहिला. वाक्यात उचलणारा कुणीच नव्हता. होत्या फक्त ऑर्डर्स, आणि त्या कर्त्याच्या जागी होत्या. ऑर्डर्स वाढल्या आहेत, तेव्हा गाड्या त्या हिशेबानं लावा, असं ग्राहक म्हणत होता. रद्द करायची तर सोडाच, जास्तीची गाडी लावायची वेळ होती.

दोन वाक्यं एकाखाली एक लिहून पाहा:

ऑर्डर्स हॅव पिक्ड अप. म्हणजे ऑर्डर्स वाढल्या.
ऑर्डर्स हॅव बीन पिक्ड अप. म्हणजे ऑर्डर्सचा माल उचलला गेला.

फरक एका ‘बीन’चा. ‘बीन’, ‘वॉज’, ‘वेअर’, ‘बी’ यांपैकी काही आलं आणि पुढे ‘पिक्ड अप’ असलं, की वाक्य कर्मणी झालं. म्हणजे उचलणारा दुसरा कुणीतरी आहे आणि वाक्याच्या सुरुवातीला आलेली वस्तू हे खरं तर कर्म आहे. घाईत मेल वाचताना हा छोटा शब्द डोळ्यांतून निसटतो. सुरुवातीला त्यावर खरंच बोट ठेवा. पाऊस, भाव, विक्री यांना कुणी उचलत नाही, त्यामुळे तिथे घोळ होत नाही. पण ऑर्डर, माल, शिपमेंट यांच्या बाबतीत दोन्ही अर्थ शक्य असतात आणि तिथंच फसायला होतं.

६. मराठीतून इंग्रजीत जाताना ‘उचलणे’वर भरवसा ठेवू नका

इंग्रजी वाचताना ‘उचलणे’नं मदत केली, म्हणून लिहितानाही ती होईल असं नाही. उलट्या दिशेला बऱ्याच जागी रस्ता बंद आहे.

‘पाऊल उचलणे’ हे ‘टेक अ स्टेप’. ‘फायदा उचलणे’ हे ‘टेक ॲडव्हान्टेज’. ‘मागणी उचलून धरणे’ हे ‘सपोर्ट द डिमांड’. ‘मुलावर हात उचलणे’ हे ‘हिट’ किंवा ‘रेज अ हँड’. यांपैकी कशालाही ‘पिक अप’ लावलं तर वाचणाऱ्याला काही बोध होणार नाही.

आमच्या केज-धारूरकडच्या मुलांना आणखी एक अडतं, ते म्हणजे ऊसतोडीची ‘उचल’. दिवाळीच्या आगेमागे कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, साखर कारखान्यांकडे निघतात, त्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मुलाखतीत ‘तुमच्या भागाबद्दल सांगा’ असं विचारलं की मुलं हा विषय काढतात, आणि काढावाच. तो आपल्या जिल्ह्याच्या जगण्याचा भाग आहे. तिथे ‘ॲडव्हान्स’ हा शब्द वापरा: ‘फॅमिलीज टेक ॲन ॲडव्हान्स फ्रॉम द लेबर काँट्रॅक्टर.’ मग हंगामात तोडलेल्या उसातून ती कशी फिटते, ते दोन सोप्या वाक्यांत सांगा. ऐकणारा कान देऊन ऐकतो.

७. सर्वनाम असेल तर ते मध्येच घाला

‘पिक अप द बॉक्स’ चालतं. ‘पिक द बॉक्स अप’ही चालतं. पण बॉक्सच्या जागी ‘इट’ आलं की एकच वाट उरते: ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ चूक. तसंच ‘पिक हर अप’, ‘पिक देम अप’. परीक्षेत वाक्यातली चूक शोधा म्हणून हे विचारण्यासारखं आहे, आणि बोलण्यात तर आपण हमखास चुकतो, कारण मराठीत कर्म क्रियापदाच्या आधी येतं. क्रियापदाचे दोन तुकडे करून त्यांच्या मध्ये ते घालायची आपल्याला सवयच नाही. ‘इट’, ‘हिम’, ‘हर’, ‘देम’, ‘मी’, ‘यू’, ‘अस’ यांची एकेक ओळ मोठ्यानं म्हणून जिभेला वळण लावा.

शब्दकोशातही हे दाखवलेलं असतं. फ्रेजल व्हर्ब साधारणपणे मूळ क्रियापदाची नोंद संपल्यावर खाली गोळा केलेली असतात. तिथे एसबी म्हणजे समबडी आणि एसटीएच म्हणजे समथिंग. ऑक्सफर्डमध्ये आणि लाँगमनमध्ये काही ठिकाणी दोन्हीकडे टोक असलेला बाण दिसतो. त्याचा अर्थ कर्म इकडेतिकडे हलवता येतं. हा बाण ओळखायला शिका, अर्धं व्याकरण त्यातच आहे.

लिहिताना आणखी एक. नाम असेल तर इंग्रजीत ‘पिकअप’ जोडून लिहितात, काही जण मध्ये आडवी रेघ देतात. क्रियापद असेल तर दोन शब्द सुटे. ‘पिकअप इज ॲट फोर’ हे जोडून, ‘वी विल पिक अप ॲट फोर’ हे तोडून. बोलताना नामात जोर ‘पिक’वर पडतो, क्रियापदात तो ‘अप’कडे सरकतो.

८. पुढे तिसरा शब्द आला तर थांबा

‘पिक अप ऑन’ म्हणजे न सांगितलेली गोष्ट हेरणं, लक्षात येणं: ‘शी पिक्ड अप ऑन हिज नर्व्हसनेस’, तो घाबरलाय हे तिनं ओळखलं. ‘पिक अप आफ्टर’ म्हणजे दुसऱ्याचा पसारा आवरणं. हे दोनच सध्या पुरेत.

९. एक अर्थ जपून

अनोळखी व्यक्तीशी जवळीक साधण्यासाठी लगट करणं, या अर्थानंही ‘पिक अप’ वापरतात. त्यामुळे ‘ही पिक्ड अप अ गर्ल’ एवढंच वाक्य लिहिलं तर भलताच अर्थ निघू शकतो. कोण, कुठून, कशासाठी हे जोडा: ‘ही पिक्ड अप हिज सिस्टर फ्रॉम द स्टेशन.’ ऑफिसच्या गाडीचं नियोजन लिहिताना तर जागा आणि वेळ घालाच.

१०. वही अशी ठेवा

पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘कर्म आहे’, उजवीकडे ‘कर्म नाही’. खरोखर वाचलेलं किंवा ऐकलेलं वाक्यच लिहायचं, मनानं रचलेलं नाही. खाली आपल्या बोलीत अर्थ लिहा. ‘पाऊस वाढायलाय’ असं घरी म्हणत असाल तर तसंच लिहा, पुस्तकी मराठीच्या फंदात पडू नका. डावा रकाना भराभर भरेल. उजवा हळू भरतो, पण अडचण तिथंच असते, म्हणून उजळणी करताना उजव्या बाजूनं सुरू करा.

पान भरलं की ‘टेक ऑफ’ घ्या. तिथेही पहिला प्रश्न हाच विचारा. ‘शी टूक ऑफ हर शूज’मध्ये कर्म आहे, बूट काढले. ‘द फ्लाइट टूक ऑफ फ्रॉम चिकलठाणा’मध्ये कर्म नाही, विमान उडालं. ‘द बिझनेस टूक ऑफ’मध्येही नाही, धंदा जोरात चालू लागला. त्यानंतर ‘सेट अप’, मग ‘पुट ऑफ’. एका वेळी एकच.